गच्चीवरचं ऊन, न्हाणीतलं पाणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी या गावात पदार्थविज्ञान शिकवत. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी कित्येक पिढ्यांच्या डोक्यात बसवलं. आजचा माझा सगळा विषय त्या एका धड्यात मावतो. पत्रिकेत संयोजकांनी ‘सौरऊर्जा’ एवढंच छापलं आहे, त्यामुळे वीज करणाऱ्या निळ्या पॅनेलांबद्दल ऐकायला कुणी आलं असेल तर त्यांची थोडी निराशा होईल. त्यांच्याबद्दलही बोलेन, पण शेवटाकडे. मला बोलायचं आहे आंघोळीच्या पाण्याबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांची पंचाईत नको. उन्हाच्या मुलखात रोजच्या आंघोळीसाठी वीज जाळणं ही उधळपट्टी आहे. ती टाळण्याचं तंत्र सव्वाशे वर्षांहून जुनं आहे आणि अगदी साधं आहे. तरीही ते आपल्याकडे नीट रुजत नाही, कारण घर बांधताना आपण त्याचा विचार करत नाही आणि घर बांधून झाल्यावर त्याला वाली उरत नाही.

एका बादलीपासून सुरुवात करू. बादली २० लिटरची. थंडीत नळाचं पाणी २२ अंशांवर आहे असं धरा. अंगाला सोसेल असं कढत पाणी म्हणजे ४२ अंश. तेवढं तापवायला जवळपास अर्धं युनिट वीज लागते. चौघांच्या घरात रोज दोन युनिटं, वर्षाला सातशेच्या घरात. आता ही वीज कुठून येते ते पाहा. भारतीय कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे बादलीमागे सुमारे ३०० ग्रॅम आणि त्या कुटुंबाच्या नुसत्या आंघोळीसाठी वर्षाला अर्धा टन. हा कोळसा भट्टीत हजार अंशांच्या वर जळतो, त्यावर पाचशे-साडेपाचशे अंशांची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, आणि एवढा खटाटोप करून मूळ उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. तारांमधून येताना त्यातलाही काही गळतो. इतक्या कष्टाने कमावलेली ही उंची वीज आपण गिझरमध्ये घालतो आणि तिच्यापासून ४२ अंशांचं कोमट पाणी करतो. पैठणीने फरशी पुसावी तसा हा प्रकार आहे.

दुसऱ्या बाजूला गच्ची. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर एका चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिटांच्या वर ऊन पडतं. दोन चौरस मीटरचा तापक, आपण सरळ ‘सोलर’ म्हणतो तो, त्यातली निम्मी उष्णता पाण्यात उतरवतो. म्हणजे दिवसाला पाच युनिटं. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला लागतात साडेचार-पावणेपाच युनिटं. हिशेब असा सरळ जुळतो. शंभर लिटरच्या सोलरमुळे वर्षाला दीड हजार युनिटं वाचतात असा आकडा सरकारी पत्रकांत आणि विक्रेत्यांच्या तोंडी असतो. तो चुकीचा नाही, पण टाकीतलं सगळं पाणी जवळजवळ रोज वापरलं तरचा आहे. मेमध्ये कोण ६० अंशांचं पाणी घेतं? बादलीने आंघोळ करणाऱ्या घराची बचत त्याच्या निम्मी धरावी. तीही काही कमी नाही, कारण गिझर बंद झाला की महिन्याचं बिल पुष्कळदा वरच्या टप्प्यातून खालच्या टप्प्यात येतं.

या कल्पनेचा इतिहास सांगताना लोक एकदम अमेरिकेला जातात. मी आधी कुलाब्याला जातो. १८७० च्या दशकात मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज सरकारी अधिकारी होता. नोकरी न्यायालयातली, छंद उन्हाचा. आपल्या आवारात त्याने सपाट आरशांचे तुकडे अर्धवर्तुळात मांडले, त्यांचं ऊन एका बॉयलरवर फेकलं, वाफ केली आणि तिच्यावर अडीच अश्वशक्तीचं यंत्र चालवून दाखवलं. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असं प्रतिपादन करणारं त्याचं पुस्तक १८७८ साली निघालं. या देशात लाकूड महाग, कोळसा त्याहून महाग आणि ऊन मात्र फुकट, हा त्याचा मुद्दा. पण त्या काळाला वेड होतं वाफेचं. आरसे सूर्यामागे सतत फिरवायचे, त्यासाठी माणूस ठेवायचा, असं यंत्र घरोघरी जाणं शक्य नव्हतं. अ‍ॅडम्सला साध्या न्हाणीघरापुरतं सुचलं असतं तर मुंबईचा इतिहास काय झाला असता, या कल्पनेत मी कधी कधी रमतो.

न्हाणीघरापुरतं सुचलं ते बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पला. १८९१ साली त्याने पेटंट घेतलं. त्याच्या यंत्राचं नाव ‘क्लायमॅक्स’. काळ्या रंगाच्या लोखंडी टाक्या लाकडी पेटीत ठेवल्या आणि वर काच बसवली, एवढंच. काच ऊन आत घेते आणि आतली उष्णता सहजी बाहेर सोडत नाही, हे १७६७ साली स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने काचेच्या पेट्या उन्हात ठेवून दाखवलेलं होतं. केम्पने त्यात पाणी भरलं. कॅलिफोर्नियात कोळसा लांबून यायचा, त्यामुळे तिथे हे यंत्र धडाक्याने खपलं. १८९७ पर्यंत पासाडेना गावातल्या जवळपास एक तृतीयांश घरांत ते होतं, असं या विषयाचे इतिहासकार सांगतात.

केम्पच्या पेटीत एक उणीव होती. दिवसभर तापलेलं पाणी रात्री त्याच पेटीत निवायचं. पहाटे उठणाऱ्याला थंड पाणीच मिळायचं. १९०९ मध्ये विल्यम बेलीने ही गाठ सोडवली. त्याने तापवायची जागा आणि साठवायची जागा वेगळी केली. खाली काचेखाली तांब्याच्या नळ्या, वर चांगली गुंडाळलेली टाकी. आपल्या यंत्राला त्याने नाव दिलं ‘डे अँड नाइट’.

इथे क्षणभर थांबतो, कारण आपल्या गच्चीवरची बहुतेक सोलर यंत्रं आजही बेलीच्याच तत्त्वावर चालतात आणि ते तत्त्व ऐकण्यासारखं आहे. पाणी तापलं की हलकं होतं. एक घनमीटर पाण्याचं वजन २० अंशांवर ९९८ किलो, तर ६० अंशांवर ९८३. फरक दीड टक्क्याचा. तेवढ्या फरकावर नळ्यांमधलं ऊन पाणी वर टाकीत चढतं, टाकीच्या तळाचं गार पाणी खाली उतरतं, आणि हे चक्र दिवसभर आपोआप फिरत राहतं. ना मोटर, ना वीज, ना बटण. सूर्य कलला की चक्र थांबतं. मात्र टाकी नळ्यांच्या वर हवी, निदान फूटभर तरी. ती खाली बसवली तर रात्री चक्र उलटं फिरतं आणि दिवसाची कमाई आकाशाला परत जाते. गच्चीवर उंची कमी पडली म्हणून टाकी खाली घेणारे कारागीर आजही भेटतात, म्हणून हे सांगितलं.

बेलीची यंत्रं १९१८ पर्यंत हजारोंनी खपली. पुढच्या दशकात लॉस एंजेलिसच्या आसपास नैसर्गिक वायूचे मोठे साठे हाती आले, वायू स्वस्त झाला, आणि खुद्द बेलीच्या कंपनीने वायूवर चालणारे हीटर करायला सुरुवात केली. सोलरचा धंदा फ्लोरिडात सरकला. १९४१ पर्यंत मायामीतल्या निम्म्याहून अधिक घरांत उन्हाचं पाणी होतं. मग युद्धासाठी तांब्यावर निर्बंध आले, युद्धानंतर वीज स्वस्त झाली आणि गंजलेल्या टाक्या बदलण्याऐवजी लोकांनी विजेचे हीटर बसवले. ऊन होतं तिथेच राहिलं. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाऊसच्या छपरावर पाणी तापवणारे ३२ तापक बसवले. रेगन यांच्या कारकिर्दीत, १९८६ साली, छपराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने ते उतरवले आणि परत चढवलेच नाहीत. सोसायटीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग करताना उतरवलेलं सोलर परत बसत नाही, हा अनुभव फक्त आपलाच आहे असं कुणी समजू नये.

आता दुसरं उदाहरण, इस्रायलचं. १९५० च्या दशकात तिथे इंधनाची इतकी ओढ होती की रात्रीच्या ठरावीक तासांत पाणी तापवायला सरकारने बंदी घातली होती. १९५३ मध्ये लेव्ही यिसार या अभियंत्याने तिथला पहिला सौर बंब बनवला. पाठोपाठ हॅरी झ्वी टेबर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट साधली. साधा काळा रंग ऊन शोषतो, पण तापल्यावर तीच उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेरही फेकतो. टेबरने धातूवर असा काळा लेप चढवला की तो ऊन पुरेपूर घेतो, पण उष्णता बाहेर टाकताना हात आखडतो. आज आपल्या तापकांवर जो लेप असतो त्याचं मूळ तिथे आहे.

एवढं होऊनही हे यंत्र तिथे सर्वत्र झालं नव्हतं. १९६७ च्या युद्धानंतर सिनाईचं तेल हाती आलं तेव्हा खप घसरला. १९७३ च्या तेलसंकटाने डोळे उघडले. आणि १९८० मध्ये त्यांनी कायदा केला: नव्या निवासी इमारतीत पाणी उन्हावर तापवण्याची सोय हवीच. अति उंच इमारतींना सूट ठेवली, कारण गच्ची तेवढीच आणि बिऱ्हाडं फार. आज तिथल्या जवळपास ८५ टक्के घरांत उन्हाचं पाणी आहे. शेजारच्या सायप्रसमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. तिथे घर बांधणारा सोलरचा विचार वेगळा करत नाही. संडास-बाथरूमचे नळ टाकतो त्याच कामात तोही येतो. प्लंबरला तो दुरुस्त करता येतो, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. कॅलिफोर्नियात आणि फ्लोरिडात सोलर ही विकत आणायची वस्तू होती, म्हणून इंधन स्वस्त होताच ती गेली. इस्रायल-सायप्रसमध्ये ती घराचा भाग झाली आणि टिकली. या दोन गोष्टींमधला फरक माझ्या आजच्या व्याख्यानाचा कणा आहे.

आपण कुठे आहोत? आपल्या देशात या बाबतीत आघाडीवर आहे बंगळूर. तिथली हवा थंड, पाणी बाराही महिने तापवावं लागतं, म्हणजे यंत्र वर्षभर कामाला येतं. कर्नाटकाने नव्या इमारतींना वीजजोडणी देताना सोलरची अट घातली आणि ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांना बिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, सूट दिली. पन्नास रुपये म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटेल. पण दर महिन्याच्या बिलावर ती ओळ छापून येते, आणि सोलर बंद पडलं की ते माणसाला खुपतं. आपल्याकडे पुणे महापालिका मालमत्ता करात सवलत देते. बांधकाम नियमावलीतही सोलर आलेलं आहे. केंद्राने २०१० च्या राष्ट्रीय सौर मोहिमेत २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर तापकांचं लक्ष्य ठेवलं होतं. २०१४ च्या सुमारास यंत्रांवरचं अनुदान थांबलं आणि सगळं लक्ष विजेच्या पॅनेलांकडे वळलं. अनुदान थांबलं याचं मला फार दुःख नाही. बाजार तोवर उभा राहिला होता. दुःख वेगळं आहे, आणि ते पाहायला गच्चीवर जावं लागतं.

मी गच्च्यांवर पुष्कळ हिंडलो आहे. नवी इमारत, भोगवटा प्रमाणपत्र मिळून चार-पाच वर्षं झालेली. गच्चीवर दक्षिणेला तोंड करून सोलरच्या रांगा उभ्या. काचांवर धुळीचा जाड थर. दोन-चार नळ्या फुटलेल्या, त्यांची भोकं बुचाने बंद. खाली प्रत्येक न्हाणीघरात गिझर. विचारावं तर उत्तर ठरलेलं: “सोलर आहे हो, पण पाणी येत नाही.” पाणी गच्चीवर ७० अंशांचं असतं. ते न्हाणीत पोचत नाही.

का पोचत नाही, हे सविस्तर सांगितलं पाहिजे. पहिलं कारण नळाची लांबी. पाऊण इंची नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीपासून तिसऱ्या मजल्याच्या न्हाणीपर्यंत वळणं घेत ३० मीटर नळी असेल तर आत नऊ-दहा लिटर पाणी रात्रभर निवून बसलेलं असतं. ते अर्धी बादली गार पाणी आधी गटारात जातं, मग ऊन पाणी येतं. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे कोण करेल? लोक अर्धा मिनिट वाट पाहतात आणि गिझरचं बटण दाबतात. उपाय दोन. उभ्या नळीवर चांगलं उष्णतारोधक वेष्टण, जे बाहेर उन्हापावसात चार वर्षांत झडणार नाही असं. आणि मोठ्या इमारतीत खालून परत वर जाणारी नळी व एक छोटा पंप, जो पहाटे काही मिनिटं चालून नळीतलं निवलेलं पाणी परत टाकीत नेतो. दोन्ही गोष्टी भिंती उभ्या होत असतानाच करायच्या. नंतर करायला गेलं तर टाइल्स फोडाव्या लागतात आणि तिथेच सभा संपते.

दुसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. आजकाल न्हाणीत गरम-गार एकत्र करणारी तोटी असते. तिच्या पुढे हँडशॉवर. कुणीतरी तोटी तशीच उघडी ठेवतो आणि हँडशॉवरचं बटण बंद करतो. गार पाण्याचा दाब पंपामुळे जास्त, ऊन पाण्याचा कमी. मग गार पाणी त्या तोटीतून मागच्या दाराने ऊन पाण्याच्या नळीत शिरतं आणि वरखालच्या सगळ्या बिऱ्हाडांचं पाणी थंड होतं. एका घराची सवय, वीस घरांचा मनस्ताप. दोष मात्र सोलरला. प्रत्येक घराच्या ऊन पाण्याच्या नळीवर एकतर्फी झडप, प्लंबरच्या भाषेत एनआरव्ही, बसवली की हे थांबतं. तिचा खर्च किरकोळ आहे. मी ज्या सोसायट्यांत ‘पाणी येत नाही’ ही तक्रार ऐकली त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गच्चीवरच्या यंत्राला हातही न लावता, खाली झडपा बसवून काम झालं.

तिसरं कारण क्षार. दख्खनच्या बेसाल्टातल्या बोअरचं पाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम कार्बोनेट पाणी तापलं की बाहेर पडतो आणि नळ्यांना आतून पांढरा थर धरतो. पत्र्याच्या सपाट तापकात तांब्याच्या नळ्या अर्ध्या इंचाच्या असतात. काही वर्षांत त्या कोंदतात आणि दीड टक्क्याच्या फरकावर चालणारं ते नाजूक चक्र बंद पडतं. बोअरच्या पाण्यावरच्या घरांनी म्हणून काचेच्या नळ्यांचं यंत्र घ्यावं, किंवा असं घ्यावं ज्यात तापणारं पाणी बंद फेऱ्यात फिरतं आणि वापराचं पाणी वेगळं राहतं. काचेच्या नळीत क्षार तळाशी साचतो आणि नळी काढून झटकता येतो.

काचेच्या नळीबद्दल दोन शब्द. ती दुहेरी असते, दोन काचांमध्ये निर्वात पोकळी. हे तंत्र चीनमधल्या चिंगह्वा विद्यापीठात स्वस्त झालं आणि आज जगातली बहुतांश सौर पाणीतापक यंत्रं चीनमध्ये आहेत. नळीच्या टोकाला आतून चंदेरी डाग असतो. तो पांढुरका झाला की निर्वात पोकळी गेली असं समजावं आणि ती नळी बदलावी. दुसरी गोष्ट: भर दुपारी, टाकी रिकामी असताना, तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडू नये. नळ्या तडकतात. हे पहाटे करायचं काम आहे. नगरपालिकेचं पाणी दुपारी येतं अशा गावात नळ्या फार तडकतात.

बाकी सूचना भराभर सांगतो. यंत्राचं तोंड दक्षिणेला, उतार आपल्या अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त, कारण आपल्याला ऊन हवंय हिवाळ्यातलं आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पाण्याच्या टाकीची किंवा लिफ्टच्या खोलीची सावली सकाळी दहा ते तीन या वेळात पडू नये. वाफ आणि हवा जाणारी उभी नळी गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच हवी आणि ती कुणी बंद करू नये. प्रेशर पंप लावणार असाल तर दाब सोसणारी टाकी मागून घ्या. मे महिन्यात गावी जाताना तापकांवर कापड घाला, नाहीतर पाणी ८० अंशांच्या वर जातं. आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर आधी गार पाणी, मग ऊन. आपल्या आज्या बंबातल्या कढत पाण्यात विसण घालत; सोलरच्या पाण्यालाही विसण लागतंच.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न येणारच. प्रामाणिक उत्तर असं की कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर सोलरच्या भरवशावर राहू नये. टाकीत विजेचा छोटा हीटर ठेवावा. पण जत, सांगोला, माण अशा पर्जन्यछायेच्या तालुक्यांत पावसाळ्यातही बरेच दिवस ऊन असतं. तिथे मला घरोघरी सोलर दिसायला हवं होतं. मुंबईत उलट. तिथे नळाचं पाणीच मुळात फारसं गार नसतं आणि वीस-बावीस मजली इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांना पुरेल एवढी जागाच नाही. अशा इमारतीवर सोलरची सक्ती करणं म्हणजे कागद रंगवणं. इस्रायलने उंच इमारतींना सूट दिली ती उगीच नाही. आपणही सक्ती सहा-सात मजल्यांपर्यंत ठेवावी आणि ती काटेकोर पाळावी, असं माझं मत आहे.

आता निळ्या पॅनेलांकडे येतो. फेब्रुवारी २०२४ पासून ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती पॅनेलांना ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यामुळे लोक विचारतात, सगळी गच्ची पॅनेलांनाच का देऊ नये? हिशेब करू. दोन चौरस मीटरचं पॅनेल दिवसाला दीड-पावणेदोन युनिटं वीज देतं. तेवढ्याच जागेतलं सोलर पाच युनिटं उष्णता देतं. म्हणजे साध्या गिझरसाठी पॅनेलांना तिप्पट जागा लागेल. गच्ची लहान असेल तर पाण्याचं सोलर वरचढ. मात्र उष्णतापंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात ओढणारं यंत्र, एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटं उष्णता देतो. पॅनेल आणि उष्णतापंप अशी जोडी लावली की जागेचा हिशेब बरोबरीला येतो, आणि मे महिन्यात पॅनेलाची वीज पंख्याला लागते, सोलरचं पाणी मात्र वाया जातं. स्वतंत्र बंगला, मोठी गच्ची, पैशाची अडचण नाही, अशा माणसाला मी आज ही जोडी सुचवेन. बाकीच्यांनी पाण्याचं सोलर सोडू नये. एक गोष्ट पॅनेलवाले सांगत नाहीत: गिझर चालतो सकाळी सहा ते नऊ, तेव्हा पॅनेल नुकतं जागं होत असतं. दोन किलोवॅटचे दहा लाख गिझर एकाच वेळी चालू झाले तर २,००० मेगावॅट लागतात. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची सगळी क्षमता मिळून २,९२० आहे. उन्हाच्या पाण्याची टाकी ही ऊर्जा कालच साठवून बसलेली असते, बॅटरीशिवाय.

आणखी एका ठिकाणी हे यंत्र अजून पोचलेलं नाही, ते म्हणजे खेड्यातलं परस. उज्ज्वला योजनेचा गॅस सिलिंडर स्वयंपाकालाच पुरवून वापरावा लागतो. आंघोळीचं पाणी अजून चुलाणावर तापतं. सरपण, तुराट्या, गोवऱ्या, आणि डोळ्यांत धूर. त्या घरावर कौलं किंवा पत्रे, वर टाकी नाही, नळाला दाब नाही. बाजारातलं शंभर लिटरचं यंत्र तिथे बसत नाही. तिथे केम्पची पेटी चालेल: काळा रंगवलेला पिंप, तीन बाजूंनी भुशाचं वेष्टण, वर काच. सकाळी हंड्यांनी भरायचा, दुपारी चारला पाणी कढत. पहाटे ते निवलेलं असेल हे खरं, पण रानातून संध्याकाळी घरी येणारा माणूस संध्याकाळीच आंघोळ करतो. बचत गटांना आणि आयटीआयच्या मुलांना जमेल असं हे काम आहे. ते कुणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फार थोडं आहे.

शेवटी मागणी. नगरपालिकेचे अधिकारी इथे बसले आहेत. गच्चीवर यंत्र आहे का, एवढं पाहून भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. सगळ्यात खालच्या, सगळ्यात लांबच्या न्हाणीतली तोटी सोडा, दोन मिनिटांत पाणी किती अंशांचं येतं ते मोजा, आणि तो आकडा प्रमाणपत्रावर लिहा. बिल्डर लगेच वेष्टण घालू लागतील.

सोसायट्यांच्या सचिवांना सांगणं वेगळं. पाऊस उघडला की एक तापमापी घेऊन पहाटे सहाला गच्चीवर जा, टाकीतल्या पाण्याचं तापमान घ्या. मग खाली उतरून तळमजल्याच्या तोटीचं घ्या. दोन्ही आकडे सूचनाफलकावर लावा. फरक दहा अंशांहून जास्त असेल तर नवीन यंत्राची दरपत्रकं मागवू नका. आधी काचा धुवा, नळीचं वेष्टण बघा आणि एकतर्फी झडपा बसवून घ्या.